तीस टक्क्यांची रेघ ओढणाऱ्यांस

प्रति,
जैवविविधता करारातली सदस्य सरकारं, निसर्गसंवर्धनाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारे दाते यांस

सप्रेम नमस्कार.

१९ डिसेंबर २०२२ च्या पहाटे माँट्रियलमधल्या जैवविविधता परिषदेत अध्यक्षांचा हातोडा पडला आणि जगाने कबूल केलं, की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. त्याआधी, २०१० मध्ये ठरलेलं लक्ष्य जमिनीसाठी १७ आणि समुद्रासाठी १० टक्के होतं. म्हणजे उरलेल्या थोड्या वर्षांत नकाशावर भराभर नव्या रेघा पडणार. पेन्सिल आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

उद्दिष्टाबद्दल माझा वाद नाही. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि एकेकाळी ज्यांच्या थव्यांनी आभाळ झाकोळून जायचं ती प्रवासी कबुतरांची जात संपली. १९६० च्या दशकात हंपबॅक देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर बंदी आली नसती, तर ते सावरले नसते. कायदा लागतो, पहारा लागतो, प्रसंगी कडक बंदी लागते. मला विचारायचं आहे ते एवढंच, की या राखणीची किंमत आजवर कोणी मोजली, आणि मोजण्याआधी त्याला कोणी विचारलं होतं का?

संवर्धनाचा इतिहास बहुधा १ मार्च १८७२ पासून सांगितला जातो. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावर सही केली. आपल्या माहितीपत्रकांत गोष्ट इथेच संपते. पण त्या डोंगरांत टुकुडिका शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या रानमेंढ्यांची शिकार करून राहत होते. आणखी कितीतरी जमातींच्या वाटा तिथून जात होत्या. पुढच्या काही वर्षांत टुकुडिकांना तिथून हलवण्यात आलं. पर्यटक बिचकू नयेत म्हणून एक कथाही पसरवली गेली, की इथले मूळ लोक उकळत्या पाण्याच्या कारंज्यांना घाबरतात आणि या भागात फिरकतच नाहीत. ज्यांना हाकललं ते मुळात तिथे नव्हतेच, असं एकदा ठरलं की हाकलल्याचा दोषही उरत नाही. १८८६ पासून १९१८ पर्यंत या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा कारभार लष्कर पाहत होतं.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत माणसं आधी गेली. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने अहवानीची लोकांची वस्ती जाळली, त्यांना दरीबाहेर काढलं, आणि १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने ती दरी जनतेच्या विरंगुळ्यासाठी राखीव झाली. त्या दरीतली कुरणं, दूरदूर उभे ओक, मोकळी दृश्यं पाहून आलेल्यांनी तिला अस्पर्श म्हटलं. ती कुरणं मोकळी होती ती तिथले लोक ठरावीक काळाने हलकी आग लावत म्हणून. त्यांची आग बंद झाली आणि झाडोरा कुरणांवर चालून आला. अहवानीचींच्या प्रमुखाची नात तोतुया १९२९ मध्ये, म्हातारपणी, दरी पाहायला परत आली. झुडपं माजलीत, दरी अस्वच्छ झाली आहे, असं तिचं मत पडलं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या निसर्गदृश्याबद्दलचा हा अभिप्राय मला कुठल्याही पर्यटकाच्या अभिप्रायापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. दरीतल्या मूळ लोकांचं शेवटचं गाव १९६९ मध्ये पाडलं गेलं.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. अलीकडे आपल्यापैकी काहींनी जाहीर कबुलीही दिली आहे. २०२० मध्ये सिएरा क्लब ही अमेरिकी संवर्धन संस्था आपले संस्थापक जॉन म्यूर यांनी मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय लोकांबद्दल लिहिलेल्या हीन शब्दांबद्दल स्पष्ट बोलली. रेडवूडची झाडं वाचवण्यासाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा एक संस्थापक मॅडिसन ग्रँट हा वंशश्रेष्ठत्वाचा प्रचारक होता, हेही आता लपवलं जात नाही. तो न्यूयॉर्कच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या कारभाऱ्यांपैकी एक होता आणि याच संस्थेच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९०६ मध्ये काँगोच्या ओटा बेंगा या माणसाला माकडांच्या घरात प्रदर्शनासाठी ठेवलं होतं. कबुली चांगलीच. पण पुतळ्यापासून अंतर राखायला फारसा खर्च येत नाही. जमीन परत करायची म्हटलं की सूर बदलतो.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याला इतिहासातूनच उत्तर द्यावंसं वाटतं. भारतात १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं आणि त्यासाठी जंगलावर सरकारची मालकी पक्की करायची होती. १८७८ चा वनकायदा तयार होत असताना बेडन-पॉवेल यांच्यासारखे अधिकारी म्हणत होते, की जे कोणाच्या नांगराखाली नाही ते सरकारचं. पण वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांचा गावांच्या स्वतःच्या जंगलांवर भरवसा होता, आणि मद्रास सरकारने तर या कायद्याला उघड आक्षेप घेतला, कारण गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क खरे हक्क आहेत असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. म्हणजे शंका घेणारे त्याच काळात, त्याच सरकारात होते. ते हरले. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं मांडताना जंगलखात्याला त्यात स्पष्ट धरलं: डोंगर, दऱ्या, पडीक रानं, गायरानं सगळी खात्याने गिळली, आणि गरिबाच्या गुराला चरायला जागा उरली नाही. १९३० मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा झगडा १८७८ च्या कायद्याच्या १९२७ सालच्या वारसाशी होता. तो कायदा आजही लागू आहे. तेव्हा काळ तसा नव्हता. सत्ता तशी होती.

आणि जंगल रिकामं कोणी केलं होतं? १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशोब आहे. त्यात सरकारी बक्षिसांसाठी झालेली शिकार होती, तशी साहेबांची आणि संस्थानिकांची हौसही होती. आफ्रिकेत हेच घडलं, आणि १९०३ मध्ये लंडनमध्ये साम्राज्यातले वन्यप्राणी वाचवण्यासाठी जी संस्था निघाली तिच्यात एवढे जुने शिकारी होते, की टीकाकार त्यांना पश्चात्ताप झालेले खाटीक म्हणत. पश्चात्तापाबद्दल मला आदरच आहे. खटकतं ते पुढचं. परवाना घेऊन बंदुकीने हत्ती मारणारा शिकारी खेळाडू ठरला, आणि पोटासाठी फासा लावणारा स्थानिक माणूस चोर ठरला. हा फरक त्या काळच्या नियमावल्यांतून आजच्या नियमावल्यांत जवळजवळ तसाच उतरला आहे.

आता दोन प्रकरणं सविस्तर सांगतो. आपल्या प्रशिक्षण केंद्रांत ती शिकवली जायला हवीत. बहुतेक ठिकाणी जात नाहीत.

पहिलं राजस्थानातल्या भरतपूरचं. तिथलं केवलादेवचं पाणथळ रान ‘नैसर्गिक’ नाही. अठराव्या शतकात बांधलेल्या अजान बंधाऱ्याचं पाणी तिथे आलं, पुढे संस्थानिकांनी बांध घालून, पाणी खेळवून ते बदकांच्या शिकारीसाठी तयार केलं. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी पडले. त्या सगळ्या काळात आसपासच्या गावांच्या म्हशी तिथे चरत होत्या, आणि तरीही सैबेरियन क्रौंच तिथे हिवाळा काढायला येत होते. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, नियमच तसा. नोव्हेंबरमध्ये म्हशी अडवल्या गेल्या, गावकरी विरोधाला उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली.

बंदी घालताना जाणकारांचा पाठिंबा होता. म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, हे इतकं उघड वाटत होतं की कोणी तपासलं नव्हतं. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तिथे वर्षानुवर्षं निरीक्षणं केली, आणि जे पुढे आलं त्याने स्वतः त्यांनाही चकित केलं असणार. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं पाणगवत माजलं, त्याने उथळ पाणी झाकून टाकलं, मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्या आणि चरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरली नाही. म्हैस त्या पाणथळीत काम करत होती. १९८५ मध्ये या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २००२ नंतर सैबेरियन क्रौंच तिथे दिसलेले नाहीत. क्रौंच न येण्याचं खापर मी चराईबंदीवर फोडत नाही, त्यांच्या हजारो किलोमीटरच्या वाटेवर इतर संकटं होतीच. पण ज्या नियमासाठी माणसं मेली तो नियम त्या जागेसाठी चुकीचा होता, आणि हे ज्या शास्त्राच्या आधारे बंदी आली त्याच शास्त्राने सांगितलं. याबद्दल त्या गावांची माफी मागितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

दुसरं प्रकरण बर्फातलं. अलास्काचे इन्युपियाट लोक बोहेड देवमाशाची शिकार शेकडो वर्षं करत आले. १८४८ मध्ये अमेरिकी व्यापारी जहाजं बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर पोहोचली आणि तेलासाठी व तोंडातल्या लवचीक पट्ट्यांसाठी त्यांनी या देवमाशांची कत्तल केली. ती लाट ओसरल्यावर उरलेल्या देवमाशांवर पुन्हा इन्युपियाट गावंच जगत राहिली. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाने त्यांची शिकार पूर्ण थांबवायचं ठरवलं. शास्त्रज्ञांचा अंदाज होता, की बोहेड फार तर ६०० ते २,००० उरले आहेत.

शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकते आहे. मोजणारे किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या कडेला बसून समोरच्या उघड्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे देवमासे मोजत. शिकाऱ्यांचं म्हणणं होतं, की कितीतरी देवमासे दूरवरून बर्फाखालून जातात आणि डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. ते तुम्हाला दिसणारच नाहीत. हे शास्त्रज्ञांना दंतकथेसारखं वाटलं. शिकारी नुसते रागावून बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा आयोग स्थापन केला, मर्यादित कोटा मिळवला आणि मोजणीतच भाग घेतला. पाण्याखाली मायक्रोफोन सोडले गेले, विमानं फिरली. बर्फाखालून देवमाशांचे आवाज आले. २००१ च्या मोजणीत आकडा १० हजारांच्या वर गेला, आणि तोही शिकार चालू असताना.

या दोन गोष्टींतून ‘स्थानिक लोक नेहमी बरोबर असतात’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझं जमत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी साधारण १३०० च्या सुमारास पोहोचले आणि दीडेकशे वर्षांत मोआ नावाचे उंच, न उडणारे पक्षी संपले. माणूस नवा असतो तेव्हा तो कुठल्याही वंशाचा असो, चुका करतो. अनेक पिढ्या एका जागी राहिला की त्यातले काहीजण शिकतात, काही शिकत नाहीत. आदिवासींना निसर्गाचे देवदूत करून ठेवणं हाही त्यांना न विचारण्याचाच प्रकार आहे. देवदूताला मोटारसायकल घेण्याचा, मुलीला शहरात शिकवण्याचा, जमिनीचा तुकडा कसण्याचा हक्क नसतो. आपल्या काही पोस्टरांवरच्या पिसांच्या टोपीतल्या माणसाला हा हक्क नाहीच, असं वाटतं.

मग विचारायचं कशाला? दोन कारणं. एक, त्याला जे माहीत आहे ते बहुतेक वेळा आपल्या सर्वेक्षणात नसतं, आणि न विचारता घेतलेला निर्णय त्यामुळे निसर्गासाठीही वाईट ठरू शकतो. दुसरं, जास्त महत्त्वाचं: विचारण्याची गरज तो शहाणा आहे यावर अवलंबून नाही. शेतातून रस्ता जायचा असेल तर शेतकरी कृषिशास्त्रात किती पारंगत आहे हे बघून आपण भूसंपादनाचे नियम पाळत नाही.

इथे आपल्याकडून येणारं उत्तर मला माहीत आहे. काही थोड्या लोकांना त्रास होईल, पण फायदा साऱ्या पृथ्वीला आणि पुढच्या पिढ्यांना. हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. नीतिशास्त्रात त्याची मोठी परंपरा आहे. माझी अडचण ‘काही थोड्या लोकांना’ या शब्दांशी आहे. प्रत्येक वेळी ते थोडे लोक तेच कसे निघतात? १९५९ मध्ये आजच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून मसाई गेले. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानाच्या उत्तर टोकाकडून माकुलेके गेले. १९९१ मध्ये युगांडातल्या ब्विंडीतून बात्वा गेले, गोरिलांसाठी. बोट्स्वानातलं मध्य कालाहारीचं अभयारण्य तर १९६१ मध्ये तिथल्या सान लोकांना आणि प्राण्यांना, दोघांनाही आसरा म्हणून जाहीर झालं होतं; १९९७ आणि २००२ मध्ये सान लोकांना तिथूनही काढलं. साऱ्या पृथ्वीच्या भल्यासाठी एखाद्या श्रीमंत माणसाचा बंगला, खाजगी बेट किंवा गोल्फचं मैदान रिकामं केल्याचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

माँट्रियलच्या त्याच करारात २३ लक्ष्यं आहेत. तिसरं लक्ष्य, म्हणजे ही तीस टक्क्यांची रेघ, सगळ्यांना तोंडपाठ आहे. अठरावं कोणाला आठवतं? त्यात लिहिलं आहे, की जैवविविधतेला घातक ठरणारी अनुदानं २०३० पर्यंत दरवर्षी किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करायची. मासळी संपवणाऱ्या जहाजांच्या डिझेलचं अनुदान, जंगल तोडून पिकवलेल्या मालाला मिळणारी सवलत, असलं सगळं त्यात येतं. या लक्ष्यावर आपण मोठमोठे फलक लावत नाही, कारण त्या अनुदानांचे लाभार्थी मंत्र्याला फोन लावू शकतात. बात्वांच्या हाती असा फोन नव्हता. रेघ तिथे पडते जिथे प्रतिकार सर्वांत स्वस्तात मोडता येतो, असा माझा आरोप आहे, आणि तो खोडून काढायचा तर अठराव्या लक्ष्याचा वार्षिक हिशोब तिसऱ्याइतक्याच ठळकपणे छापा.

न्याय मिळालाच नाही असंही नाही. मिळाला तो बहुतेक कोर्टातून, भांडून. बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सान लोकांच्या बाजूने निकाल दिला. केनियाच्या माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांचा दावा आफ्रिकेच्या मानवाधिकार न्यायालयाने मे २०१७ मध्ये मान्य केला. जंगल वाचवण्यासाठी त्यांना हाकलणं आवश्यक होतं, हे सरकारचं म्हणणं न्यायालयाला पटलं नाही. माकुलेकेंना १९९८ मध्ये जमीन परत मिळाली, आणि त्यांनी ती नांगरली नाही. उद्यानातच ठेवून पर्यटनातून उत्पन्न घ्यायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियातलं उलुरू १९८५ मध्ये अनांगू लोकांना परत दिलं गेलं. न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ मध्ये ‘ते उरेवेरा’ नावाचं राष्ट्रीय उद्यानच रद्द करून त्या भूमीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या कारभारात तूहो लोकांना बसवलं. यांपैकी कुठेही आभाळ कोसळलं नाही.

भारताचं उदाहरण मिश्र आहे, आणि म्हणूनच शिकण्यासारखं. १९७३ मध्ये नऊ राखीव क्षेत्रांनिशी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कडक पहाऱ्याने वाघ वाचले, हे मान्य करायला हवं. त्याच कडक पहाऱ्यात राजस्थानातल्या सरिस्कातले सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपवले आणि २००५ पर्यंत कोणाला नीटसा पत्ता नव्हता. २००६ मध्ये १,४११ असलेला वाघांचा अंदाज २०२२ मध्ये ३,६८२ वर गेला, आणि ही वाढ जंगलात राहणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा लागू असतानाच्या वर्षांतली आहे. २००६ मध्ये तो कायदा येताना आता जंगल संपलं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत संवर्धन संस्थाही होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्या लाखो कुटुंबांना बाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून निघाला, तोही अशाच काही संस्थांच्या याचिकेवर. दोन आठवड्यांत त्याला स्थगिती मिळाली. मधल्या काळात गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबू विकला आणि जंगलही राखलं. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगाच्या डोंगरांत सोलिगा आदिवासींना व्याघ्र प्रकल्पाच्या आतच सामूहिक हक्क मिळाले, आणि वाघ तिथून पळाले नाहीत.

ओडिशातल्या नियमगिरीची आठवण आपण सगळेच अभिमानाने काढतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. डोंगरिया कोंध आदिवासींच्या त्या नकाराला जगभरच्या पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. उद्या अशाच बारा ग्रामसभांनी अभयारण्याला नाही म्हटलं तर? तेव्हा त्यांना समजावायला पथकं जातील, दुसऱ्यांदा सभा लावली जाईल, कोणीतरी म्हणेल यांना फूस लावली आहे. खाणवाले नेमकं हेच करतात.

पहारेकऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. काँगोच्या खोऱ्यात आणि इतरत्र संवर्धनाच्या पैशावर पोसलेल्या वनरक्षकांनी गावकऱ्यांना मारहाण, बलात्कार, खून केल्याचे आरोप २०१९ मध्ये जगापुढे आले. डब्ल्यूडब्ल्यूएफ या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेने नेमलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये अहवाल दिला. संस्थेचे कर्मचारी थेट अत्याचारांत सामील असल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. पण आरोपांची माहिती असूनही संस्था मदत देत राहिली आणि लोकांचं रक्षण करण्याच्या स्वतःच्या वचनांना अनेक ठिकाणी कमी पडली, हे समितीने नोंदवलं. ती समिती नेमली गेली हे चांगलं झालं. तिची गरज पत्रकारांनी बोंब मारल्यावर वाटली, हे तितकं चांगलं नाही. वनरक्षक स्वतःही गरीब घरचे असतात, कमी पगारावर जीव धोक्यात घालतात, आणि शिकारी टोळ्यांकडून मारले जातात. त्यांना बंदूक देऊन हात झटकणाऱ्या दात्यांची जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

कागदावर आपण बरंच पुढे आलो आहोत. १९७५ मध्ये किन्शासात मूळनिवासींची जीवनपद्धती जपण्याचा ठराव झाला, २००३ मध्ये डर्बनच्या उद्यान परिषदेत हक्कांची भाषा आली, २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, माँट्रियलच्या तिसऱ्या लक्ष्यातच मूळनिवासी आणि स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर राखण्याची अट आहे, आणि २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरातल्या परिषदेत या समाजांसाठी कायमस्वरूपी मंडळ मंजूर झालं. ठरावांची कमतरता नाही.

मागणं काय आहे ते सांगतो. सीमेचा नकाशा प्रसिद्ध करण्याआधी त्या जागेच्या वापराचा नकाशा प्रसिद्ध करा: कोण राहतं, कोण फक्त उन्हाळ्यात गुरं घेऊन येतं, कोण मध काढतं, कोणाचं देवस्थान आत आहे, आणि तो त्या लोकांकडून तपासून घ्या. त्यांच्या भाषेत. जे क्षेत्र समाजाने आधीच राखलेलं आहे ते तीस टक्क्यांत जरूर मोजा, करारात तशी सोय आहे, पण मोजण्याच्या बदल्यात त्याचा ताबा मागू नका. चराई, आग, मासेमारी, वेचणी यांवर बंदी घालायची असेल तर ती त्या जागी काय करते हे आधी काही वर्षं पाहा. भरतपूरला हे गोळीबारानंतर झालं. वनरक्षकांविरुद्धची तक्रार ऐकणारी यंत्रणा त्यांच्याच खात्यात ठेवू नका, आणि आरोप गंभीर असेल तर चौकशी पूर्ण होईपर्यंत निधी थांबवा. जुनी विस्थापनं हा बंद झालेला हिशोब समजू नका. ज्यांना हलवलं त्यांची मुलं-नातवंडं जिवंत आहेत आणि बहुतेक त्याच उद्यानांच्या कुंपणाबाहेर मजुरी करत आहेत.

निर्णय कठीणच राहतील. गालापागोसमध्ये कासवांची बेटं वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून आणि जमिनीवरून सुमारे दीड लाख बकऱ्या मारल्या गेल्या. मला तो निर्णय पटतो, पुष्कळांना पटत नाही, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं काही आहे. कुठला जीव राखायचा, त्यासाठी कुठला मारायचा, कुठलं रान कुठल्या काळासारखं ठेवायचं, हे निसर्ग सांगत नाही, आपण ठरवतो. या ठरवण्यात टेबलाभोवती कोण बसलं आहे, एवढाच माझा आग्रह आहे.

आपण दरवर्षी अहवाल काढता. किती हेक्टर वाढले, किती प्रजाती सावरल्या, किती निधी आला, हे त्यात असतं. पुढच्या अहवालात आणखी एक रकाना घाला: या वर्षी कुठल्या कुठल्या समाजांनी आपल्याला नकार दिला आणि त्यानंतर तिथे काय केलं. जागांच्या नावांनिशी.

कळावे,
आपला,
एक वाचक